नाव मागच्या बाजूला लिहावे

पुढून

फळ्यावर मी चार ओळी लिहिल्या:

सातवी ब. चित्रकला. वर्षाचे शेवटचे काम.
विषय आपल्या मनाचा.
कागद आपापल्या घरून.
नाव मागच्या बाजूला लिहावे.

खडू ठेवून वळले तर वर्गात कुणी हललं नव्हतं. चौतीस मुलं फळा वाचत होती, आणि वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचत होती.

"टीचर, मनाचा म्हणजे कुठला?"

तुला हवा तो, मी म्हटलं.

"हां, पण कुठला?"

राजाजीनगरच्या या शाळेत नऊ वर्षं मी विषय देत आले होते. मडकं आणि दोन पेरू. शाळेचं फाटक. दसऱ्याची मिरवणूक, म्हणजे हत्ती, आणि सातवीतला हत्ती म्हणजे सोंड लावलेली म्हैस. यंदा, मार्च त्रेसष्टमध्ये, मला वाटलं की एकदा तरी मुलांना त्यांचं काय ते काढू द्यावं. हेडमास्तर उपेंद्रराव फायलीतून डोकं वर न काढता ऐकत राहिले. मग कन्नडमध्ये म्हणाले, करा, पण शाळा कागद देणार नाही. चीनचं युद्ध सुरू झाल्यापासून चित्राचा जाड कागद आलेलाच नाही. मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं, मुलं घरून आणतील.

ही सोय मीच सुचवली.

आणि नाव मागे, कारण बेळगावला मी ग्रेडच्या परीक्षा दिल्या तेव्हा तसंच असायचं. परीक्षक नुसती चित्रं बघतो, आवडलेली बाजूला काढतो आणि मगच उलटून नाव वाचतो. म्हणजे चित्र जितकं चांगलं, तितकी ते उलटलं जाण्याची खात्री. तेव्हा या वाक्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं.

पुढून

आठवडाभर मुलांनी मला व्हरांड्यात, नळावर, फाटकाशी गाठलं. एकानं विचारलं, मनात काही येतच नसेल तर किती मार्क कापणार. एकानं वडिलांकडून विषय लिहून आणला, खाली तारीख आणि सही. एका मुलीला रडू फुटलं. मडकं काढलं तर चालेल म्हटल्यावर थांबलं.

सुलभा खांबेटेनं काहीच विचारलं नाही. तिसऱ्या बाकावरची, दुमडलेल्या दोन वेण्यांची, बारा वर्षांची. वडील पलीकडच्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढणारे, राहायला कारखान्याचे क्वार्टर्स. वर्गात मराठी बोलणारी ती एकटीच. तिची मराठी पुण्याची, माझी निपाणीची. मी "स्वल्प थांब गं" म्हटलं की ती मान खाली घालून हसायची.

गुरुवारी चित्रं जमा झाली. अकरा बर्फाळ डोंगर, त्यावर अकरा सैनिक. कॅलेंडरवरून उतरवलेल्या चार लक्ष्म्या. नऊ घरं, प्रत्येकाशेजारी नारळ, मागे सूर्य. एक आगगाडी. मडकी.

आणि सुलभाचं. इतरांच्या दुप्पट कागद. दोरीवर वाळत घातलेले कपडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत: खाकी पँटी, बंडी, एक झगा, मधे ओलं पातळ. पातळाच्या मागे कुणीतरी उभं आहे. चेहरा नाही, हात नाहीत. पातळाच्या काठाखाली फक्त दोन पावलं, शाईनं बारीक काढलेली, आणि शेजारी बादली. दुपारच्या उन्हासाठी तिनं रंगच लावला नव्हता. कागदाचा पिवळट रंग तसाच सोडला होता, आणि जमीन तापलेली दिसत होती.

हे मी कुणाला शिकवलेलं नाही. मला स्वतःलाच येत नाही.

शाळा सुटली होती. मी ते हातात धरून खिडकीशी बसले. कागदाला वास येत होता, तान्ह्या मुलाच्या दुपट्याला येतो तसा. नाव वाचायची गरज नव्हती. तरी सवयीनं उलटलं.

मागून

जांभळ्या रेषा. वर्तुळात वर्तुळ, त्यात दातेरी काहीतरी, बाणांवर आकडे. कोपऱ्यात चौकट, चौकटीत इंग्रजी छापील रकाने.

काढणार: आर. के.
तपासणार: सुलभा रत्नाकर खांबेटे, सातवी ब.

नाव लिहायला तिथं जागा केलेली दिसली, म्हणून तिनं तिथं लिहिलं होतं. सुंदर अक्षरात.

वर लाल शिक्का होता. गोपनीय. प्रत बाहेर नेऊ नये.

कारखान्याच्या भिंतीवर आणि बसच्या थांब्यावर अजून फलक होते, बोलताना जपा म्हणून. युद्ध थांबून चार महिने झाले तरी फलक कुणी काढले नव्हते. डिसेंबरात एका स्टोअरकीपरला चौकशीला नेलं. तो परत आला, पण क्वार्टर्समध्ये आला नाही, सामान न्यायला भाऊ आला.

शनिवारी प्रदर्शन. बक्षिसं निवडायला येणार होते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, निवृत्त मेजर. व्हरांड्यावर कारखान्याकडून नवे पत्रे हवे होते म्हणून उपेंद्ररावांनीच त्यांना बोलावलं होतं.

मेजर चित्रांसमोरून चालत जातील. या चित्रापाशी थांबतील. थांबणारच, मी सुद्धा थांबले. मग ते

मागून

चित्र प्रदर्शनात ठेवलंच नाही तर? यादीत चौतीस नावं. उपेंद्रराव मोजतात.

घरी नेलं तर? मग गोपनीय कागद माझ्या घरात.

वडिलांना निरोप पाठवला तर? निरोप कोण नेणार, आणि नेताना काय म्हणणार?

मी मल्लाप्पाला हाक मारली. मल्लाप्पा शिपाई, प्रदर्शनाच्या चिठ्ठ्यांसाठी त्यानं मैद्याची खळ शिजवून ठेवली होती. म्हणाला, अक्का, स्वल्प घट्ट झाली आहे. मी म्हटलं, घट्टच दे.

पुठ्ठा घेतला, जांभळ्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खळ लावली, दाबलं, वर नकाशांची पुस्तकं ठेवली. आता त्या कागदाला मागची बाजू नव्हती.

मग वाटलं, एकटंच चित्र पुठ्ठ्यावर दिसलं तर मेजर विचारतील. म्हणून आणखी पाच चिकटवली. मग वाटलं, सहाच का? एकोणिसाव्याला पुठ्ठे संपले. मल्लाप्पा दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईंना पोरांचं फार कौतुक.

पुढून

शुक्रवारी सकाळी मी सुलभाला सहज विचारल्यासारखं विचारलं, कागद छान आहे, कुठून आणलास?

घरी खूप आहे, ती म्हणाली. बाबा आणतात. खाटेखाली भेंडोळंच आहे. आई डब्यांखाली घालते, वह्यांना कव्हरं घालते. सगळ्यांकडेच असतो.

मी वर्गावरून नजर फिरवली. तिच्या गणिताच्या वहीला तोच पिवळट कागद, कोरी बाजू बाहेर. पुढच्या बाकावर तोच. खिडकीशी तोच. मी बारा वह्या मोजल्या आणि थांबले. नऊ वर्षं मी अशा वह्या बघत होते. त्या वासाला मी क्वार्टर्सच्या मुलांचा वास समजत होते.

"टीचर, माझं चित्र कसं आहे?" तिनं विचारलं.

चांगलं आहे, मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. चांगलं आहे हे मी मडक्यांनासुद्धा म्हणत असे.

पुढून

रत्नाकर खांबेटे दुपारी दीडला आले. उंच, वाकलेले, पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच. चित्रकलेच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि आधी माझं नाव, मग माझं गाव, मग तब्येत विचारली.

नंतर सांगितलं. नकाशांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघतात, वास त्याचाच. रद्द झालेल्या प्रती सगळेच घरी नेतात, मोठे साहेबसुद्धा. फाडून टाकायच्या असतात, पण इतका चांगला कागद कोण फाडतो? गेल्या शनिवारी सुटीचा भोंगा झाल्यावर घाईत गुंडाळी केली, तिच्यात टेबलावरची एक चालू प्रत गेली. उद्या आठ वाजता रेकॉर्डरूममध्ये मोजणी आहे. भेंडोळं दोनदा उलगडलं. तेव्हा बायको म्हणाली, मोठा बघून एक सुलभानं शाळेसाठी नेला.

मोजणीत प्रत खराब निघाली तर चालतं, ते म्हणाले. चहा सांडतो, पाणी पडतं. दोघांच्या सह्या घेऊन जाळतात. पण नाहीच म्हटल्यावर ती कुठे गेली हे विचारणारी माणसं वेगळी असतात.

मी कपाटातून पुठ्ठा काढून दिला. त्यांनी तो लगेच उलटला. तपकिरी पुठ्ठा. पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटला.

"बाई, हे काय केलंत?"

"लपवलं."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ क्लिपशी चाळा करत होते. मग हळू आवाजात, जणू मलाच काही समजावून सांगायचं आहे तसे बोलले. पुठ्ठा मागून भिजवायचा, थर थर सोलायचा. जांभळ्या रेषा पाण्यानं जात नाहीत. रंग जाईल.

"गेला तर?" मी विचारलं.

"जायलाच हवा. मागे चित्र घेऊन मी मोजणीला कसा उभा राहू?"

मी बादली आणायला निघाले आणि दारातून परत आले.

"तिला विचारल्याशिवाय मी पाणी लावणार नाही."

"बारा वर्षांची आहे ती."

"चित्र तिचं आहे."

"आणि नोकरी माझी. क्वार्टर्स कारखान्याचं. शाळेची फी कारखाना भरतो. तुम्ही विचाराल, ती नाही म्हणेल, मग आपण दोघं काय करणार? तरीही पुसणार. मग विचारायचं कशाला?"

तरी मी मल्लाप्पाला सातवी ब मध्ये पाठवलं.

सुलभा आली. वडिलांना शाळेत बघून आधी हसली, मग थांबली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, भोंग्यापासून. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. मधेच एकदा माझ्याकडे बघितलं. खळ कुणी लावली हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं.

"किती पुसायचं?" तिनं वडिलांना विचारलं.

"सगळं."

"पातळ ठेवलं तर?"

"सगळं, सुलू."

मागून

पुठ्ठा बादलीत उभा धरला. खळ घट्ट होती. अर्धा तास लागला, मी तीनदा दाराची कडी बघून आले. पुठ्ठ्याचे थर नखांनी सोलत गेलो, तिघं जमिनीवर बसून, रताळी सोलावीत तसे. शेवटी जांभळ्या रेषा दिसल्या. कोपऱ्यातली चौकट फुगली होती, तपासणाऱ्याचं नाव पसरून निळा डाग झाला होता. वडिलांनी तो बोटानं पुसला, तेवढ्यापुरते सुटल्यासारखे दिसले.

मग कागद उलटला. ओला कापूस मी हातात घेतला होता; सुलभानं तो मागून घेतला. तिनं डाव्या टोकापासून सुरुवात केली. खाकी पँट गेली, बंडी गेली. रंग बादलीत पिळायचा, पुन्हा पुसायचं. झगा तिचा स्वतःचा असावा, तिथं ती थांबली नाही. पातळाला वेळ लागला, तिथं तिनं रंगावर रंग दिला होता. पाण्याला आधी हिरवा रंग आला, मग शेणाचा.

पावलं गेली नाहीत.

"शाई कुठली?" वडिलांनी विचारलं.

"तुमची."

घरी ट्रेसिंगच्या शाईची बाटली होती. ती पाण्यानं जात नाही, तिचं कामच ते असतं. कोऱ्या ओल्या कागदाच्या मधोमध दोन पावलं उभी होती, वर बाई नसलेली.

मी कागद उन्हात ठेवायला उचलला तर ते जवळजवळ ओरडलेच. उन्हात रेषा उडतात. सावलीत वाळवायचा. म्हणून व्हरांड्याच्या आतल्या बाजूला, चार कोपऱ्यांवर चार शाईच्या दौती ठेवून आम्ही कागद पसरला आणि तिघं त्याच्याभोवती उभे राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. तीनची घंटा झाली. उपेंद्रराव त्यांच्या खोलीतून बाहेर आले, मल्लाप्पाला काहीतरी म्हणाले, आमच्या दिशेनं चार पावलं चालले, चष्मा विसरला म्हणून परत गेले. साडेतीनला कागद पापडासारखा वाजायला लागला.

खांबेट्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं. त्यांच्या धंद्यात ते खिशात असतंच. ट्रेसिंगवर रेष चुकली की ती ब्लेडनं खरवडायची, कागद न फाडता, मग नखाच्या पाठीनं गुळगुळीत करायची. ते टेबलावर वाकले. ब्लेड धरल्यावर हात कामावर गेल्यासारखा चालायला लागला. टाच गेली. घोटा गेला. शाईची काळी धूळ ते फुंकरीनं उडवत होते.

उजवं पाऊल संपलं. डाव्याच्या बोटांशी आल्यावर ब्लेड थांबलं.

"इथं जोडवं नाही," ते म्हणाले. "उजव्यात होतं. इथं काढायचं विसरलीस."

"विसरले नाही. आईच्या डाव्या पायात नाही."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. नळाशी पडलं, सापडलं नाही."

"मला कुणी बोललं नाही."

ते त्या पावलाकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, आता ते ब्लेड खाली ठेवतील. ठेवलं तर काय करायचं याचा मी विचारही करायला लागले, म्हणजे हा एवढाच तुकडा कापून, म्हणजे कोपरा फाटला असं सांगून, म्हणजे

त्यांनी चष्मा पुसला आणि पाचही बोटं एकेक करून खरवडली.

काम उत्तम झालं होतं. कागद तिरका धरून बघितला तरी तिथं काही होतं असं कळत नव्हतं. त्यांनी तो गुंडाळून सदऱ्याच्या आत घातला, वर बटणं लावली, मला नमस्कार केला. आत जाताना झडती नसते, फक्त बाहेर पडताना असते, तीही नावापुरती, एवढं सांगितलं. सुलभाच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हाताला शाईची धूळ होती. पँटला पुसला आणि तसेच गेले.

पुढून

शनिवारी मेजर आले, पहिलं बक्षीस तिसऱ्या सैनिकाला दिलं. चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवल्याबद्दल माझं कौतुक केलं. बाराला, पाहुणे चहाला गेले तेव्हा, सुलभा माझ्याजवळ येऊन म्हणाली, बाबांनी सांगायला सांगितलंय, घेतला. जाळला पण.

मी विचारलं, आणि बाबा?

"जेवायला घरी आलेत," ती म्हणाली.

उपेंद्ररावांनी चित्रं मोजली होती. तेहतीस. दुपारी मला खुलाशाचा मेमो आला.

मागून

हेडमास्तर साहेबांस,
आपल्या मेमोस खुलासा असा की, कु. सुलभा खांबेटे हिने चित्र दिलेच नव्हते

हेडमास्तर साहेबांस,
कु. खांबेटे हिचे चित्र सर्वांत उत्तम होते, परंतु ज्या कागदावर ते

हेडमास्तर साहेबांस,
आपल्या मेमोस खुलासा असा की, सातवी ब मधील एक चित्र माझ्या हातून पाण्यात पडून खराब झाले. चूक माझी. विद्यार्थिनीस पुन्हा संधी द्यावी. ह. देसूरकर.

तिसरा दिला. त्यावर शेरा आला: संधी मंजूर. पुढील वर्षापासून चित्रकलेचे विषय कार्यालय ठरवील.

पुढून

सोमवारी शेवटच्या तासाला मी सुलभाला चित्रकलेच्या खोलीत बसवलं. खोलीत आम्ही दोघीच. तिनं कागद आणला होता, दुकानातला, पांढरा, लहान. वडिलांनी मल्लेश्वरमपर्यंत सायकल मारून आणला म्हणाली.

काय काढायचं ते तुझं तू ठरव, मी म्हटलं. वेळ आहे.

तिनं मान हलवली. कागद उलटला, मागची बाजू बघितली. उठून खिडकीशी गेली आणि उजेडात आडवा-उभा धरून बघितला. मग माझ्याकडे घेऊन आली.

"टीचर, तुम्ही पण बघा."

मी बघितला. काही नव्हतं. काही नाही, मी म्हटलं, दोनदा म्हटलं.

ती जागेवर बसली. शाईची दौत टेबलाच्या पार टोकाला सरकवली आणि पेन्सिल घेतली. चाळीस मिनिटं ती काढत होती; हात सतत हलत होता. मी मुद्दाम जवळ गेले नाही. घंटा झाल्यावर तिनं कागद माझ्यासमोर ठेवला आणि दप्तर घेऊन निघून गेली.

मला आधी तो कोराच वाटला. डोळ्यांशी धरला तेव्हा रेषा दिसल्या, इतक्या हलक्या की पेन्सिल कागदाला टेकली होती की नाही कळू नये, नुसत्या बोटानं पुसल्या जाव्यात इतक्या. मी मार्कांचा रकाना उघडला. कागदावर हात पडू नये म्हणून मनगट वर उचलून धरलं, आणि तसंच धरून बसले.